व्हिक्टोरिया क्रॉस : बनावट पदकांची ओळख
ब्रिटनच्या या सर्वोच्च शौर्यपदकाला (स्थापना १८५६) संग्राहकांच्या बाजारात प्रचंड किंमत येते. साहजिकच नकलाही मुबलक. अस्सल पदके आरंभापासून लंडनच्या हॅनकॉक्स या जवाहिऱ्यांकडे घडतात. कांस्याचे ओतकाम झाल्यावर कारागीर हाताने नक्षी उठावदार करतो. अस्सल पदकावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल धातू निवताना आकसते, किंचित लहान भरते आणि तिचे कंगोरे बोथट राहतात. व्हर्निअर कॅलिपर लावला की बहुतेकदा बिंग फुटते. पदक टांगण्याच्या पट्टीमागे वीराचे नाव, हुद्दा व पलटण, तर पदकाच्या मागील वर्तुळात पराक्रमाची तारीख कोरलेली असते. कोरी पाठ संशयास्पदच. धातूवर मात्र फार विसंबू नये. ही पदके शत्रूच्या तोफांच्या धातूपासून घडतात ही कथा प्रसिद्ध असली, तरी क्ष-किरण तपासणीत अस्सल पदकांचे धातूही एकसारखे आढळलेले नाहीत. खरी भिस्त कागदपत्रांवर : प्रत्येक सन्मान ‘लंडन गॅझेट’मध्ये जाहीर होतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे (१० जुलै १९४४, मरणोत्तर) आणि नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५) हे असेच नोंदलेले मानकरी. अर्थात खरे नाव नकलेवरही कोरता येते. म्हणून मूळ पदक सध्या कोणाकडे आहे, याची खातरजमा खरेदीपूर्वी करावी.