समुद्र हरवलेल्या बंदरांची सफर

हॉलंड म्हटले की ट्यूलिपची शेते, पवनचक्क्या आणि ॲमस्टरडॅमचे कालवे डोळ्यांसमोर येतात. बहुतेक पर्यटकांची सहल तेथेच आटोपते. मात्र ॲमस्टरडॅमच्या उत्तरेला, वेस्ट फ्रीसलंड या भागात, एका दिवसात होणारी एक सफर या देशाचे आणि पाण्याचे नाते अधिक जवळून दाखविते. होर्नहून मेडेम्ब्लिकपर्यंत वाफेच्या गाडीने, तेथून एन्क्हाउझेनला बोटीने आणि परत होर्नला नेहमीच्या रेल्वेने, असा हा प्रवास 'ऐतिहासिक त्रिकोण' या नावाने ओळखला जातो.

होर्न हे एके काळचे श्रीमंत बंदर. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक येथे आणि दुसरी एन्क्हाउझेनला होती. दक्षिण अमेरिकेच्या टोकावरील 'केप हॉर्न'ला १६१६ मध्ये याच गावाचे नाव मिळाले. मुख्य चौकात कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरझोन कून याचा पुतळा आहे. १६२१ मध्ये जायफळाच्या व्यापारासाठी त्याने बांदा बेटांवर केलेल्या हत्याकांडामुळे हा पुतळा वादाचा विषय ठरला आहे.

वाफेची गाडी

होर्न-मेडेम्ब्लिक हा सुमारे २० किलोमीटरचा लोहमार्ग १८८७ मध्ये सुरू झाला. १९६८ पासून त्यावर जुनी इंजिने आणि लाकडी डबे जतन करून चालविले जातात. तासाभराहून थोड्या अधिक वेळात ही गाडी कुरणे, कोबीची शेते आणि वोखनुम, ट्विस्क, ऑपरडूस अशा खेड्यांमधून जाते. ऑपरडूसचा बटाटा देशभर प्रसिद्ध आहे. एप्रिलअखेरीस वाटेत ट्यूलिपचे रंगीत पट्टे दिसतात. शेताशेतांमधून खोदलेले पाण्याचे चर मात्र बाराही महिने दिसतात. येथील बरीचशी जमीन समुद्रसपाटीहून खाली आहे. चरांतील पाणी सतत उपसले नाही, तर शेती पाण्याखाली जाईल.

मेडेम्ब्लिकला १२८९ मध्ये शहराचा दर्जा मिळाला. तेथील राडबाउड किल्ला त्याच काळातला. गावाजवळचे लेली पंपगृह १९३० मध्ये समुद्र हटवून मिळविलेल्या वीरिंगरमेअर या भूभागाचे पाणी उपसण्यासाठी उभारले गेले. १९४५ च्या एप्रिलमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने बांध फोडून हा सारा भाग बुडविला होता. तो पुन्हा कोरडा करावा लागला.

खाऱ्याचे गोडे झाले

मेडेम्ब्लिकहून निघणारी बोट ज्या आयसेलमेअर सरोवरातून जाते, तो १९३२ पर्यंत झाउडरझे नावाचा खारा समुद्र होता. जानेवारी १९१६ च्या पुराने किनाऱ्याची दाणादाण उडविली आणि अभियंता-मंत्री कॉर्नेलिस लेली यांची समुद्र अडविण्याची जुनी योजना १९१८ मध्ये कायद्यात उतरली. २८ मे १९३२ रोजी सुमारे ३२ किलोमीटर लांबीचा बांध पूर्ण झाला. पुराचे भय ओसरले, परंतु काही वर्षांतच पाणी गोडे होऊन हेरिंग मासा नाहीसा झाला. कोळ्यांच्या मदतीसाठी १९२५ मध्येच स्वतंत्र कायदा झाला होता. तरी अनेकांचा पिढीजात धंदा गेला तो गेलाच.

एन्क्हाउझेनच्या नगरचिन्हावर आजही तीन हेरिंग मासे आहेत. येथील झाउडरझे संग्रहालयाच्या खुल्या विभागात किनाऱ्यावरील गावांतून आणलेली घरे, दुकाने, मासे धुरी देण्याच्या खोल्या आणि चुन्याच्या भट्ट्या पुन्हा उभारल्या आहेत. बांधाने पुसलेले जीवन येथे जपले आहे.

गोव्याशी धागा

मराठी प्रवाशाला या गावात एक ओळखीचा धागा सापडतो. एन्क्हाउझेनमध्ये वाढलेला यान हाउखेन फान लिन्सखोटेन १५८३ मध्ये गोव्यात पोहोचला आणि आर्चबिशपचा सचिव म्हणून सुमारे पाच वर्षे राहिला. मायदेशी परतल्यावर त्याने पोर्तुगीजांनी गुप्त ठेवलेले सागरी मार्ग प्रसिद्ध केले. १५९६ च्या त्याच्या प्रवासवर्णनात गोव्याचे बाजार, माणसे आणि आंबा-फणसही आहेत. पुढे डच जहाजे पूर्वेकडे आली ती याच माहितीच्या आधारे. वेंगुर्ल्यातील सतराव्या शतकातील डच वखारीचे अवशेष त्याच इतिहासाचे दुसरे टोक आहेत.

कसे जाल?

ॲमस्टरडॅम सेंट्रलहून होर्नला रेल्वेने पाऊण तासाच्या आत पोहोचता येते. वाफेची गाडी आणि बोट यांचा मुख्य हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर असा असून फेऱ्या मोजक्याच असतात. त्यामुळे वेळापत्रक आधी पाहून सकाळी लवकर निघावे. संग्रहालय निवांत पाहायचे असेल, तर एन्क्हाउझेनला मुक्काम करणे सोयीचे. अन्यथा सायंकाळच्या रेल्वेने होर्नमार्गे तासाभरात ॲमस्टरडॅमला परतता येते.