काल्यातला घास

आमच्या अष्टमी गावाहून निघून पालीवरून खोपोलीच्या रस्त्याला लागलं की सांगडेवाडीला इमॅजिका येते. २०१३ साली हे उद्यान सुरू झालं आणि आमच्या घरातल्या पोरांची मे महिन्यातली मागणी बदलली. आधी ती मुरुडचा किनारा मागायची, आता टबी मागतात. टबी म्हणजे तिथला हत्ती. गेल्या उन्हाळ्यात आमची चार वर्षांची नात त्या हत्तीच्या सोंगासमोर वेफर धरून उभी राहिली. हत्तीने मान डोलावली, पोटावरून हात फिरवला, टाटा केला आणि पुढे गेला. परतताना पाली येईपर्यंत तिचा एकच प्रश्न होता, "त्याने खाल्लं का नाही?"

सोंगासोबत खायच्या याच हौसेवर अमेरिकेत पंगती उठतात. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उघडलं, १९७१ साली फ्लोरिडात डिस्नी वर्ल्ड. मिकी, मिनी, गूफी टेबलाटेबलाशी येऊन मुलांना भेटतात, अशी न्याहारी आणि जेवणं तिथे रुळली. फ्लोरिडातल्या 'शेफ मिकीज'मध्ये तर मधूनच सगळे जण नॅपकिन डोक्यावर गरगरा फिरवतात. जागा साठ दिवस आधीपासून धरता येते. मुलाकडे गेलेले आपले आजी-आजोबा एकदा तरी तिथे बसून येतात आणि बिलाचा आकडा रुपयांत करून पाहतात.

थट्टा राहू द्या, कल्पना चांगली आहे. तीन वर्षांचं पोर भर उन्हात रांगेत उभं केलं आणि अचानक पुढ्यात दोन हात उंच डोकं आणलं, तर ते किंचाळणारच. शिमग्यात काळ्या वेषातला संकासूर अंगणात आला की कोकणातली पोरं आजीच्या पदरात घुसतात, तशीच गत. तेच पोर आईच्या मांडीवर असेल, तोंडात घास असेल आणि सोंग तीन टेबलं पलीकडून हळूहळू येताना दिसत असेल, तर त्याला धीर धरायला वेळ मिळतो. ज्याने हे जेवणाशी जोडलं त्याला मुलं कळत होती.

पण मिकी स्वतः जेवत नाही. मुखवट्याच्या आतल्या माणसाला नियमाने बोलायचंही नसतं. तो सही करतो, फोटोला उभा राहतो, ताटातलं बघून हावभाव करतो. आमच्या नातीचा वेफर अडला तो इथेच.

सोंगासोबत, खरं म्हणजे देवासोबत, पंगतीला बसायची आपली रीत बरीच जुनी आहे आणि तिला घट्ट मराठी नाव आहे: काला. कालवणे, कालवण, काला हे एकाच घरातले शब्द. भागवताच्या दहाव्या स्कंधात, तेराव्या अध्यायात, त्याचं मूळ चित्र आहे. यमुनेकाठी वासरं चरायला सोडून गोपाळ शिदोऱ्या उघडतात. कृष्ण मधोमध, पोरं भोवती कडं करून. कुणी पानावर वाढून घेतलंय, कुणी दगडावर, कुणी सालीवर. कृष्णाने बासरी कमरेच्या वस्त्रात खोचली आहे आणि डाव्या हातात दहीभाताचा घास आहे. तो हसतो, हसवतो आणि जेवतो. इथेच ब्रह्मदेवाने वासरं-पोरं पळवून त्याची परीक्षा घेतली.

संतांनी हे चित्र उचललं, काल्याचे अभंग झाले. आषाढी वारीची सांगता पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्याने होते आणि सप्ताह काल्याच्या कीर्तनाशिवाय उठत नाही. तळकोकणात दशावताराला दहीकाला म्हणतात, कारण रातभरचा खेळ पहाटे दहीहंडी फोडून संपतो. घरातला काला साधा: पेणचे पोहे, ज्वारीच्या लाह्या, दही, भिजवलेली डाळ, काकडी, लोणच्याचा खार. तो हातानेच कालवावा, चमच्याने कालवलेल्याची कोशिंबीर होते.

नातीच्या प्रश्नाला खरं उत्तर मात्र नामदेवांच्या गोष्टीत आहे. महिपतींनी १७६२ साली लिहिलेल्या 'भक्तविजया'त ती येते. वडिलांनी लहानग्या नाम्याच्या हाती नैवेद्याचं ताट दिलं. मोठ्यांना ठाऊक असतं की नैवेद्य दाखवायचा असतो. नाम्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. तो ताट ठेवून वाट बघत बसला आणि देव खात नाही म्हणून रडून हट्टाला पेटला, तेव्हा विठ्ठल जेवला. चोखोबांच्या कथेत तर देव त्यांच्या घरी जेवायला बसतो आणि वाढताना दही पीतांबरावर सांडतं. त्यापायी चोखोबांना मार बसतो, आणि राऊळात मूर्तीचा पीतांबर दह्याने भरलेला दिसतो. देव जेवला याचा पुरावा म्हणजे डाग, हे मला फार आवडतं.

 

डिस्नीहून आपली तऱ्हा आणखी एका बाबतीत वेगळी. तिथे सोंग घेणारा पगारी मोठा माणूस, मूल पाहुणं. आपल्याकडे सोंग मुलालाच देतात. संक्रांतीच्या दिवसांत बोरन्हाण करतात, तेव्हा बाळाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालतात. मुकुट आणि बासरीही हलव्याची. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओततात आणि बाकीची पोरं ते वेचायला तुटून पडतात. इथे सोंग खातं, आणि कुणाचं लक्ष नसेल तर अंगावरचा दागिनाही चाखतं.

गोकुळाष्टमीला अष्टमीकरांना गावाच्या नावावरून होणारी कोटी दरवर्षी ऐकावी लागते. आम्ही ती सवयीने हसून घेतो. यंदा नात कृष्ण झाली होती. फोटो झाले आणि काल्याची वाटी येताच तिच्या आईने कपडे खराब होतील म्हणून पीतांबर सोडायला घेतला. सगळ्या घरांत हेच चालतं. पण एवढं ऐका: मुकुट, मोरपीस, पीतांबर, सगळं अंगावर असतानाच पोराला काला खाऊ द्या. दही सांडलं तर सांडू दे.