दिनविशेष : ७ जुलै १९६२
सिडनीहून रोमकडे निघालेले अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान बँकॉक सोडून मुंबईला येत असता, मध्यरात्र उलटून काही मिनिटे होतात न होतात तोच जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि आतील सर्वच्या सर्व ९४ जण प्राणास मुकले. आपण ५,००० फुटांखाली उतरत असल्याची वर्दी वैमानिकाने दिली. विमानतळाजवळच्या रेडिओ-खुणेवर पूर्ण वळसा घेणार काय, अशी पृच्छा नियंत्रकाने केली, वैमानिकाने रुकार दिला, नियंत्रकाने तो पुन्हा उच्चारून पक्का केला. परंतु जिच्याविषयी हे बोलणे चालले होते ती खूण अद्याप कित्येक कोस दूर, सह्याद्रीपलीकडे होती, हे उभयतांच्या ध्यानी आले नाही. चौकशीत वैमानिकाच्या मार्गनिश्चितीवर व किमान सुरक्षित उंचीच्या उल्लंघनावर ठपका आला, तो रास्तच. तथापि शब्द बिनचूक पोहोचूनही आशय चुकावा, याची व्यथा अधिक आहे. परळी तालुक्यातील सिरसाळ्यावरून रात्री विमानाचा दिवा सरकत जातो, तेव्हा आतील माणसांचे प्राण अशाच दोन अनोळखी आवाजांच्या हवाली असतात. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी व कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे गेली, त्याही वेळी कझाक विमानाने १५,००० फूट गाठल्याचे कळविले होते. प्रत्यक्षात ते त्याखाली उतरले. त्यानंतर टक्कर टाळणारे यंत्र भारतात सक्तीचे झाले.