परभणीत दोन रात्री : गाडी बदलण्याच्या गावापलीकडचा जिल्हा

१/ मनमाडहून नांदेडकडे जाणाऱ्या प्रवाशाला परभणी बहुधा फलाटापुरतीच दिसते. परळीची गाडी पकडायची, चहा घ्यायचा, पुढे निघायचे. परळी वैजनाथ, औंढा नागनाथ आणि नांदेडचा हुजूर साहिब गुरुद्वारा ही तिन्ही तीर्थे आसपास असल्यामुळे या शहराच्या वाट्याला वाटेवरचे गाव होणे आले. हा धागा तिथे उतरून दोन रात्री मुक्काम करणाऱ्यांसाठी.

२/ प्रथम नकाशा. परंपरेनुसार जुने नाव प्रभावतीनगरी, प्रभावती देवीवरून पडलेले. निजामाच्या हैदराबाद संस्थानातून १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्तता, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला. म्हणून जुन्या पुस्तकांत परभणी जिल्ह्यात नोंदलेली औंढा आणि नरसी ही स्थळे आता हिंगोलीत शोधावीत.

३/ मुक्काम कुठे करावा, हा प्रश्न पूर्वी पाणी सोडवत असे. जिथे बारव, तिथे देऊळ. जिथे देऊळ, तिथे ओवरी किंवा मठ. आणि जिथे एवढे सारे, तिथे वाटसरू पथारी टाकणार. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर गोदावरी खोऱ्यातील निजामाचा मीटरगेज लोहमार्ग आला. मुक्काम स्थानकाजवळ सरकला आणि बारवा मागे पडल्या.

४/ आजही रेल्वे व बसस्थानकाच्या परिसरातील लॉज हाच सर्वांत सोयीचा तळ. शासकीय विश्रामगृहासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. सेलू, मानवत रोड, पिंगळी, पूर्णा आणि गंगाखेड रेल्वेने गाठता येतात. जिंतूर आणि पाथरीसाठी एसटी. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम.

५/ शहराची ओळख काळ्या मातीने घडवली. कापसाच्या या पट्ट्यात निजामाच्या राजवटीत, १९१८ साली शेतीचे प्रायोगिक क्षेत्र सुरू झाले. १८ मे १९७२ रोजी इथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो. त्या दिवसांत खोली आधीच ठरवून ठेवलेली बरी.

६/ आता बारवांकडे. शहराजवळच्या पिंगळीत महादेवाच्या देवळालगत दगडी बारव आहे. बारवेत उतरताना घाई करू नये. पायऱ्या टप्प्याटप्प्याने खाली जातात, कारण पाण्याची पातळी ऋतूनुसार बदलते आणि भरल्या श्रावणापासून कोरड्या वैशाखापर्यंत घागर पाण्याला टेकली पाहिजे. भिंतींतील देवकोष्ठे सांगतात की पाणी भरणे आणि हात जोडणे ही दोन कामे एकाच जागी होत.

७/ सेलू तालुक्यातील वालूरची बारव याहून वेगळी. तिच्या पायऱ्या सरळ उतरत नाहीत, चक्राकार वळत तळाकडे जातात. असा आराखडा महाराष्ट्रात दुर्मीळ. ही बारव गाळाने आणि कचऱ्याने भरली होती. गावकऱ्यांनीच ती उपसली, आणि तेव्हा कुठे तिचे खरे रूप उजेडात आले.

८/ जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे तर पूर्ण दिवस मागणारे गाव. यादवकालीन मंदिरे, बारव आणि उंच कोरीव दगडी स्तंभ असे सारे वस्तीतच विखुरलेले आहे. इथे तिकीटघर नाही, कुंपणही मोजकेच. कोरीव दगड कधी घराच्या जोत्यात दिसतो, कधी पाराला टेकलेला. लोकांच्या तोंडी देवळांचा आकडा ३६० आहे. तो मोजणीचा नव्हे, अभिमानाचा आकडा समजावा.

९/ जिंतूरजवळच्या नेमगिरी टेकडीवर जैन गुंफामंदिरे आहेत. दारे इतकी ठेंगणी की आत शिरणाऱ्याला वाकावेच लागते. लहानशा दगडावर तोललेली पार्श्वनाथांची भव्य मूर्ती पाहण्यासाठी दूरदूरचे यात्रेकरू येतात. देऊळ, दर्गा आणि जैन तीर्थ एकाच जिल्ह्यात पाहून झाले की मराठवाड्याच्या इतिहासाला एकच रंग देण्याचा मोह आपोआप ओसरतो.

१०/ पाथरी. अलीकडे हे नाव जानेवारी २०२० मधील साईबाबांच्या जन्मस्थळाच्या वादामुळे गाजले. पण पाथरीवरून झालेला जुना झगडा याहून मोठा होता. फरिश्ता हा इतिहासकार सांगतो की अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळपुरुष मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण. त्याचे घराणे मूळचे पाथरीचे. विजयनगरशी झालेल्या युद्धात तो बहमनींच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि पुढे बहमनी राज्याचा कारभारी बनला.

११/ त्याचा नातू बुऱ्हाण निजामशहा याला पूर्वजांचे गाव हवे होते. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. फरिश्ताच्या म्हणण्याप्रमाणे बुऱ्हाणने मोबदल्यात दुसरा परगणा देऊ केला. नकार आला, तेव्हा १५१८ मध्ये त्याने पाथरी जिंकली. ती हातची गेली, पुन्हा घेतली आणि तिथल्या ब्राह्मण नातलगांना इनाम दिली. धर्म बदलला, राज्य मिळाले, तरी गाव सुटले नाही.

१२/ तरीही या जिल्ह्यातील सर्वांत परिचित नाव सुलतानाचे नाही, एका दासीचे आहे. गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. परंपरा सांगते की त्या लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी कामाला राहिल्या. दळण, कांडण, पाणी, शेणी हेच त्यांच्या अभंगांचे जग. सुलतानाला आपले गाव परत मिळवण्यासाठी फौज न्यावी लागली. जनाबाईंच्या नावाने गाव आपणहून उभे राहिले.

१३/ गंगाखेड तालुक्यातच धारासूर आहे. गोदावरीकाठचे तिथले गुप्तेश्वर मंदिर बाह्यभिंतीवरील सुरसुंदरींसाठी पाहावे. भिंतीला एक प्रदक्षिणा घालून भागत नाही. एक सकाळच्या उन्हात घालावी, एक कलत्या उन्हात. कोरीव काम तेच असते. सावली बदलली की चेहरा बदलतो. आणि ही दुसरी प्रदक्षिणा मुक्कामी माणसालाच साधते.

१४/ इथेच मुक्कामाचा प्रश्न पर्यटनापुरता उरत नाही. तासाभरासाठी आलेला माणूस छायाचित्र घेऊन जातो. राहिलेला माणूस किल्ली कोणाकडे असते ते विचारतो, गावात जेवतो, एखाद्या म्हाताऱ्याकडून बारवेचे जुने नाव ऐकतो. आपली बारव पाहायला कोणी लांबून येते हे कळले, की तिच्यात कचरा टाकणारा हात थबकतो. शासनाचा संरक्षण-फलक सर्वत्र पोहोचत नाही, पण पाहुणा पोहोचू शकतो.

१५/ म्हणून आखणी अशी. पहिला दिवस : पहाटे निघून जिंतूर, नेमगिरी, चारठाणा, परतीच्या वाटेवर वालूर. दुसरा दिवस : गंगाखेड आणि धारासूर, संध्याकाळी पिंगळी. तिसऱ्या सकाळी पाथरी करून मानवत रोडहून परतीची गाडी. देवळात बूट बाहेर, बारवेत पाय जपून, आणि दगडावर नाव कोरायचे नाही. आठशे वर्षे टिकलेल्या त्या दगडांवर ते घडवणाऱ्यांनीही बहुधा आपले नाव कोरलेले नाही.