भाकरी, घरोटा आणि कमरेचा घेर

१८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये आजच्या धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याचा मुलूख पिंपळनेर या नावाने येतो. पांझरा-कान नद्यांच्या खोऱ्यात बाजरी-ज्वारी आणि पश्चिमेला डोंगराळ भागातील कोकणी-भिल्ल वस्त्यांत नागली-भात, अशी इथल्या अन्नाची ढोबळ वाटणी होती. ज्वारी आणि उडीद सालासकट एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी आणि सोबत ठेचा किंवा वांग्याचे भरीत, या जेवणाचे गोडवे पुष्कळ गायले जातात. त्यासाठी घरच्या बाईला पहाटेच घरोट्यावर, म्हणजे जात्यावर, बसावे लागे, हे मात्र सहसा गाळले जाते. पिठाच्या गिरणीने हे कष्ट संपवले, ते संपायलाच हवे होते. परंतु त्यांबरोबर अंगाला रोज होणारी मेहनतही गेली आणि तिची जागा दुसऱ्या कशाने भरून निघाली नाही.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रेशनवरची परदेशी मिलो ज्वारी खाल्ली आणि पुढील दशकांत गव्हाची पोळी हळूहळू भाकरीच्या जागी आली. साक्रीवरून जाणाऱ्या सुरत-नागपूर महामार्गावर ढाबे उभे राहिले, तेलाच्या लाल तर्रीची शेवभाजी एरवीचेही जेवण झाली आणि याच वाटेने असंख्य खानदेशी कुटुंबे सुरतच्या कापड उद्योगात कामाला गेली. शेतात दिवसभर वाकणारी माणसे तिथे यंत्रासमोर किंवा दुकानात स्थिरावली.

अशा धडधाकट दिसणाऱ्या माणसांना पुढे आजार होण्याची जोखीम मोजण्याची पद्धत मात्र दूरच्या देशात घडली. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ मध्ये ५,२०९ स्त्री-पुरुषांची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली आणि तिच्यातून ‘जोखीम घटक’ ही कल्पना रुजली; म्हणजे आज आजार नसला तरी पुढे तो होण्याची शक्यता वाढवणाऱ्या गोष्टी, जसे उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल किंवा धूम्रपान. पुढे उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय हा निर्देशांकही सर्वत्र वापरला जाऊ लागला, पण भारतीय शरीराला तो अपुरा पडला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३ होता, अंगातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के भरली. ही तुलना २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासातही अशक्त मातांची नवजात बाळे वजनाने कमी, पण चरबी त्या मानाने टिकवून असलेली आढळली. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या खानदेशी कष्टकऱ्याच्या अंगी सुबत्ता एकाएकी आली तर ती का सोसत नाही आणि मधुमेह का जडतो, याचा बराचसा उलगडा इथे होतो. मधुमेहाला श्रीमंतांचा आजार म्हणणे त्यामुळे केव्हाच कालबाह्य झाले आहे.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण शहरी भागात १०.९ टक्के, तर ग्रामीण भागात ६.५ टक्के होते. नगरपंचायत असलेली, पण शेतीवरच चालणारी साक्री राहणीमानाने या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी बसते आणि तिची वाटचाल पहिल्या आकड्याच्या दिशेने आहे.