बारहनाजा
बारहनाजा ही उत्तराखंडातील गढवाल भागाची पारंपरिक मिश्रपीक पद्धती आहे. नावाचा अर्थ बारा धान्ये असा असला, तरी पिकांची संख्या गावागणिक कमीअधिक असते. डोंगरउतारावरील कोरडवाहू शेतांत खरिपात नाचणी (स्थानिक नाव मंडुवा), राजगिरा, राजमा, उडीद, कुळीथ इत्यादी पिके एकत्र घेतात. राजम्याचे वेल राजगिऱ्याच्या ताटांवर चढतात. पावसाने ओढ दिली तरी सर्व पिके एकदम बुडत नाहीत, हे या पद्धतीचे खरे बळ होय. काड व भुसा गुरांना वैरण म्हणून मिळतो आणि शेणखत शेतात परत येते. जनावरांवाचून ही शेती चालत नाही. पुढे सोयाबीनच्या एकपीक लागवडीला सरकारी उत्तेजन मिळाले, मात्र त्यापासून वैरण मिळत नसल्याची शेतकऱ्यांची तक्रार होती. १९८०च्या दशकात टिहरी जिल्ह्यात विजय जडधारी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘बीज बचाओ आंदोलना’ने बारहनाजातील देशी वाण गोळा करून जतन केले.