ख्रिस्ती धर्म व फ्रीमेसनरी

सदाचार, परस्परसाहाय्य व विश्वबंधुत्व ही ध्येये सांगणाऱ्या आणि विधिपूर्वक दीक्षा व गुप्ततेची शपथ देणाऱ्या फ्रीमेसन संघटनेचे सभासदत्व ख्रिस्ती श्रद्धेशी सुसंगत आहे काय, हा प्रश्न अठराव्या शतकापासून चर्चिला गेला आहे. रोमन कॅथलिक चर्चने त्याचे उत्तर सातत्याने नकारार्थी दिले. प्रॉटेस्टंट पंथांत एकमत झाले नाही. पुढे याच धर्तीवर निघालेल्या विमा-बंधुसंघटना आणि विसाव्या शतकातील रोटरीसारखी सेवामंडळे यांच्या बाबतीतही हा प्रश्न उपस्थित झाला.

मराठीत ‘लॉज’ म्हणजे प्रवाशांनी उतरण्याची जागा. या संघटनेच्या परिभाषेत मात्र लॉज म्हणजे सभासदांची शाखा होय. मध्ययुगीन यूरोपात चर्चच्या बांधकामाशेजारी पाथरवटांची जी ओवरी असे, तिच्यावरून हे नाव आले. गुण्या व कंपास ही चिन्हे आणि शिकाऊ, कसबी व उस्ताद या तीन पायऱ्याही त्याच व्यवसायातल्या. सतराव्या शतकात या लॉजांमध्ये पाथरवट नसलेले सभ्य गृहस्थ शिरू लागले. परंपरेनुसार २४ जून १७१७ रोजी लंडनमधील चार लॉजांनी एकत्र येऊन पहिले ग्रँड लॉज स्थापिले. ही तारीख १७२१ पर्यंत पुढे आणावी, असे अलीकडच्या काही संशोधकांचे मत आहे.

संघटनेची १७२३ ची नियमावली जेम्स अँडरसन या स्कॉटिश प्रेसबिटेरियन धर्मोपदेशकाने सिद्ध केली. आरंभीच्या धुरीणांपैकी डेझाग्युलिए हाही अँग्लिकन धर्मगुरू होता. फ्रीमेसनरी म्हणजे ख्रिस्तविरोधकांनी रचलेला व्यूह, ही समजूत त्यामुळे मुळातच टिकत नाही. वादाचे बीज नियमावलीच्या पहिल्याच कलमात आहे. मेसनने नास्तिक असू नये. सर्व माणसांना मान्य होणारा धर्म त्याने पाळावा आणि आपली विशिष्ट मते आपल्यापाशी ठेवावीत, असा त्याचा आशय आहे. यादवी युद्ध व पंथीय रक्तपात यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या इंग्लंडमध्ये हे कलम म्हणजे शहाणपणाचा तोडगा होता. परंतु ख्रिस्त हाच तारणाचा मार्ग मानणाऱ्या श्रद्धावंताला ‘विशिष्ट मते’ या शब्दांत काय बाजूला ठेवावे लागत होते, हे उघड आहे. सहिष्णुता आणि धर्माविषयीची उदासीनता यांमधली रेषा कोठे आखावयाची, हाच पुढील अडीचशे वर्षांच्या वादाचा गाभा होय.

पोप बारावा क्लेमेंट याने २८ एप्रिल १७३८ रोजी काढलेल्या ‘इन एमिनेंती’ या फर्मानाने कॅथलिकांना लॉजचे सभासदत्व निषिद्ध ठरले व भंग करणाऱ्यास धर्मबहिष्काराची शिक्षा सांगितली गेली. भिन्न धर्मपंथीयांचे एकत्र येणे, कडक गुप्तता व तिच्यासाठी घेतलेली शपथ ही कारणे त्यात आहेत. शिवाय पोपला ठाऊक असलेली अन्य न्याय्य कारणे असाही एक मोघम उल्लेख आहे व त्यावर इतिहासकारांनी बरेच तर्क लढविले आहेत. चौदावा बेनेडिक्ट याने १७५१ मध्ये या बंदीचा पुनरुच्चार केला. अंमलबजावणी मात्र देशोदेशी भिन्न होती. पॅरिसच्या पार्लमाँने फर्मानाची नोंद न केल्याने ते फ्रान्समध्ये कायद्याने लागू झाले नाही आणि तेथील लॉजांत धर्मगुरूही राजरोस बसत. उलट पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशनने १७४३ साली जॉन कूस्तोस या प्रॉटेस्टंट जवाहिऱ्यास पकडले, त्याचा छळ केला व गलबतावरील सक्तमजुरीची शिक्षा दिली. इंग्लंडच्या राजाच्या मध्यस्थीने तो सुटला.

एकोणिसाव्या शतकात या धर्मशास्त्रीय आक्षेपाला राजकीय वैराची जोड मिळाली. इटलीच्या एकीकरणाचा नेता गॅरिबाल्डी १८६४ मध्ये तेथील मेसनांचा प्रमुख निवडला गेला; १८७० मध्ये रोम पोपच्या हातून गेले. फ्रान्समधील ग्रँड ओरिएंटने १८७७ मध्ये ईश्वरश्रद्धेची अटच काढून टाकली आणि तो ठराव मांडणारा फ्रेदेरिक देमाँ हा प्रॉटेस्टंट पाद्री होता, हे विशेष. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने त्यानंतर फ्रेंचांशी संबंध तोडले. अशा वातावरणात तेरावा लिओ याने २० एप्रिल १८८४ रोजी ‘ह्यूमानुम जेनुस’ हे परिपत्रक काढले. त्यात निसर्गवाद, धर्मनिरपेक्ष शिक्षण व नागरी विवाह यांचा मेसनरीशी संबंध जोडलेला आहे. पाठोपाठ लिओ ताक्सिल या फ्रेंच लेखकाने मेसनांच्या सैतानपूजेच्या कथा रचून अनेक भाविकांना व काही बिशपांनाही बारा वर्षे झुलविले आणि १८९७ मध्ये पॅरिसच्या भर सभेत ती सर्व थाप असल्याचे सांगितले. या थापेचे अवशेष आजही प्रचारसाहित्यात आढळतात. गंभीर आक्षेपांचे त्यामुळे नुकसानच झाले.

सामान्य श्रमिकाच्या दृष्टीने हा प्रश्न सर्वाधिक बोचला तो अमेरिकेत. सरकारी विमा नसलेल्या त्या काळात आजारपण, अपघात वा मृत्यू आला, तर कुटुंबाला आधार असे तो बंधुसंघटनेचा. कॅथलिक कामगाराने अशा संघटनेत जावे, तर संस्कारांना मुकावे लागे. न जावे, तर बायकामुले उघडी पडत. हा पेच ओळखून मायकेल मॅक्गिव्हनी (१८५२–९०) या न्यू हेवन येथील तरुण धर्मगुरूने १८८२ मध्ये ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ ही कॅथलिकांची बंधुसंघटना काढली. पायऱ्या, विधी व विमा हे सर्व तिने ठेवले. चर्चपासून लपविण्याची शपथ तेवढी वगळली. ‘नाइट्स ऑफ लेबर’ या कामगार संघटनेवर कॅनडातील क्वीबेकमध्ये बंदी आली असता कार्डिनल गिबन्झ याने १८८७ मध्ये रोमला निवेदन देऊन तिची बाजू मांडली व अमेरिकेत तिच्यावरील बंदी टळली. ऑडफेलोज, सन्स ऑफ टेंपरन्स व नाइट्स ऑफ पिथियस यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. १८९४ मध्ये त्या निषिद्ध ठरल्या. प्रॉटेस्टंटांतही विरोध होता. मेसनांची गुपिते छापण्याची घोषणा करणारा विल्यम मॉर्गन १८२६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात नाहीसा झाला. त्यातून मेसनविरोधी राजकीय पक्षच उभा राहिला. मिसूरी सिनडच्या ल्यूथरनांनी लॉजविरोध कटाक्षाने जपला. याउलट फिलाडेल्फियात कृष्णवर्णीयांची स्वतंत्र चर्चे उभारणारे ॲब्सलम जोन्स व रिचर्ड ॲलन हेच तेथील कृष्णवर्णीय लॉजचेही आधारस्तंभ होते. गोऱ्यांच्या चर्चमध्ये व लॉजमध्ये सारखाच अपमान सोसलेल्यांना या दोहोंत विरोध दिसला नाही, यात नवल नाही.

इंग्लंडमध्ये १८१३ च्या एकीकरणानंतर विधींतील ख्रिस्ती उल्लेख बव्हंशी काढले गेले. तरीही अँग्लिकन धर्माधिकाऱ्यांचा लॉजशी घरोबा टिकला. १९४५ ते १९६१ या काळातील कँटरबरीचा आर्चबिशप जेफ्री फिशर हा मेसन होता. १९८० नंतर मात्र सूर बदलला. मेथडिस्ट परिषदेने १९८५ मध्ये सभासदत्वाविषयी प्रतिकूल सल्ला दिला. चर्च ऑफ इंग्लंडच्या सिनडने १९८७ मध्ये स्वीकारलेल्या अहवालात सुसंगतीविषयी गंभीर शंका नोंदविल्या. १९८६ मध्ये ग्रँड लॉजने शपथेतील देहदंडाची भीषण वर्णने वगळली, हा त्या टीकेचाच परिणाम मानता येईल. स्वीडिश पद्धतीच्या लॉजांत सभासद ख्रिस्ती असावाच लागतो. त्यामुळे सर्व मेसनांना एकच माप लावणे अयोग्य होय. ग्रीसच्या ऑर्थोडॉक्स चर्चने १९३३ मध्ये मेसनरी विसंगत ठरविली, तर सदर्न बॅप्टिस्टांनी १९९३ मध्ये काही तत्त्वे विसंगत म्हणूनही निर्णय व्यक्तीच्या विवेकबुद्धीवर सोपविला.

भारतात वादाची बाजूच पालटली. येथील इंग्रज लॉजांपुढे प्रश्न होता तो ख्रिस्तेतरांना प्रवेश देण्याचा. मुंबईत माणकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना प्रवेश नाकारला गेल्यावर जेम्स बर्न्स या डॉक्टरच्या पुढाकाराने १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे एतद्देशीयांसाठी खुले लॉज निघाले. खर्शेदजी कामांसारखे विद्वान पुढे त्यात आले. हिंदूंच्या अनेक देवतांमुळे त्यांना एकेश्वरी शपथ कशी द्यावी, अशी शंका घेतली जात असे. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना दीर्घ झगड्यानंतर १८७२ मध्ये प्रवेश मिळाला. शपथेसाठी बायबलबरोबर अवेस्ता, कुराण व गीता ठेवण्याची प्रथा येथे रुळली. सामान्य लोकांना या बंद इमारतींचे गूढ वाटे. उत्तर हिंदुस्थानात त्यांना ‘जादूघर’ म्हणत. मुंबईतील पारशी व मुसलमान ज्या मेजावर बसू शकत, तेथे वसईचा किंवा वांद्र्याचा कॅथलिक मात्र स्वधर्माच्या आज्ञेमुळे बसू शकत नव्हता. अनेक धर्मग्रंथांचे जे मेज भारतीयांना समतेचे चिन्ह वाटले, तेच रोमच्या दृष्टीने आक्षेपाचे मूळ होते.

रोटरी (१९०५) व लायन्स (१९१७) या सेवामंडळांत दीक्षा नाही, शपथ नाही, गुपितही नाही. तरी धर्मनिरपेक्ष नीतीच्या संशयावरून रोमने १९२९ मध्ये धर्मगुरूंनी रोटरीत जाणे इष्ट नाही असे कळविले व १९५१ मध्ये त्यांना मनाई करून गृहस्थांनाही सावध केले. हा दुरावा टिकला नाही. सहावा पॉल याने रोटरी सभासदांची भेट घेतली व दुसरा जॉन पॉल याने १९७९ मध्ये रोम येथील त्यांच्या अधिवेशनासमोर भाषण केले.

मेसनांच्या बाबतीत तसे घडले नाही. १९१७ च्या धर्मविधिसंहितेतील बहिष्काराचे कलम केवळ चर्चविरोधी कटाला लागू होते, असा अर्थ १९७४ च्या एका रोमन पत्रातून काढला गेला आणि अनेक कॅथलिकांनी प्रामाणिकपणे सभासदत्व घेतले. १९८३ च्या नव्या संहितेत मेसनांचे नावही नव्हते. परंतु ती लागू होण्याच्या आदल्या दिवशी, २६ नोव्हेंबर १९८३ रोजी, कार्डिनल योझेफ राट्सिंगर यांच्या सहीने खुलासा निघाला: निषेध कायम आहे, सभासद गंभीर पापाच्या अवस्थेत असून त्यांना पवित्र कम्युनियन घेता येणार नाही. दरम्यानच्या नऊ वर्षांत लॉजमध्ये गेलेल्यांची स्थिती त्यामुळे मोठी अवघड झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये फिलिपीन्समधील एका बिशपच्या प्रश्नाला रोमने पुन्हा तेच उत्तर दिले.

प्रश्न फिलिपीन्समधून यावा, यालाही इतिहास आहे. स्पॅनिश मठवासीयांच्या सत्तेविरुद्ध लढणारे देल पिलार व होसे रिसाल हे मेसन होते. ३० डिसेंबर १८९६ रोजी गोळ्या घालून ठार करण्यापूर्वी रिसालने मेसनरीचा त्याग करून चर्चमध्ये पुनःप्रवेश केल्याचे पत्र लिहिले, असे सांगतात. ते पत्र १९३५ मध्ये उजेडात आले. त्याच्या खरेपणाविषयी तेथील कॅथलिक व मेसन इतिहासकारांत अद्याप मतभेद आहेत.